शिवणीतली माया

श्रोतेहो, आकाशवाणीवरून पोशाखाविषयी बोलण्यात एक मोठी सोय आहे. वक्त्याने स्वतः काय घातले आहे हे श्रोत्यांना दिसत नाही, आणि श्रोते काय घालून ऐकत आहेत हे वक्त्याला कळत नाही. उभयपक्षी झाकली मूठ राहते. तेव्हा पुरुषांच्या जुन्या धाटणीच्या वेषाविषयी चार गोष्टी निःसंकोचपणे सांगण्यास याहून चांगली जागा नाही.

निःसंकोचपणे असे म्हणण्याचे कारण आहे. स्त्रियांच्या पैठणीवर, इरकलीवर, नथीवर आपण कौतुकाने बोलतो, लिहितो. पुरुषाने मात्र आपल्या कोटाच्या गळपट्टीविषयी दोन वाक्ये उच्चारली की तो छानछोकीच्या नादी लागला, असा शेरा त्याच्यावर बसतो. वास्तविक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यासारख्या व्यासंगी समाजशास्त्रज्ञाने १९५१ साली भारतीय वेषभूषेवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माणसे काय नेसतात, काय पांघरतात आणि डोक्यावर काय ठेवतात, यात समाजाचा इतिहास भरलेला असतो. तो वाचण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

गेल्या काही वर्षांत जुन्या वेषाच्या आवडीने पुन्हा डोके वर काढले आहे. हा वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा आहे, कारण ती आवड डोक्यापासूनच सुरू झाली. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत तरुण मंडळी फेटे बांधून निघतात. लग्नात वरपक्षाला आणि वधूपक्षाला फेटे बांधण्यासाठी खास माणूस बोलावला जातो. कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी घालणारे तरुण मुंबईच्या लोकलमध्ये दिसतात आणि बंगळूरच्या संगणक कचेऱ्यांतही दिसतात. कोणी आजोबांचे किल्लीचे घड्याळ दुरुस्त करून मनगटावर बांधतो, कोणी बंद गळ्याचा कोट शिवून घेतो. ही आवड चांगलीच आहे. प्रश्न एवढाच की यातला वेष किती आणि वेषांतर किती? एका दिवसापुरते भाड्याने आणलेले कपडे संध्याकाळी परत करून आपण मोकळे होतो, ते वेषांतर. जो कपडा आपल्या अंगाला येतो, आपल्या कामात उपयोगी पडतो आणि विरला तर आपण रफू करून पुन्हा घालतो, तो वेष. असा वेष शोधावा कोठे, पारखावा कसा आणि अंगावर वागवावा कसा, हे मी आज सांगणार आहे.

प्रथम जुना वेष म्हणजे नेमके काय, हे पाहू. पगडी, पागोटे, फेटा आणि रुमाल हे शब्द आपण आज सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु वापरणाऱ्यांना त्यांतला भेद पक्का ठाऊक होता. पगडी ही आधीच बांधून, टाके घालून पक्की केलेली असे. टोपीसारखी उचलायची आणि डोक्यावर ठेवायची. पागोटे म्हणजे लांब व अरुंद वस्त्र, पीळ देऊन बांधायचे. फेटा त्याहून रुंद, आठ मीटरांच्या आसपास लांबीचा, दर वेळी नव्याने बांधावा लागणारा. आणि रुमाल म्हणजे मोठे चौरस वस्त्र, कर्णरेषेत घडी घालून डोक्याला गुंडाळायचे. मराठी माणूस ज्या ज्या दरबारी गेला तेथे त्याच्या पगडीने निराळे वळण घेतले. ग्वाल्हेरच्या शिंदेशाही पगडीची पुढची टोकदार चोच पाहावी, इंदूरची होळकरशाही पगडी पाहावी, बडोद्याची गायकवाडी पगडी पाहावी. मराठीपण एक, पण डोक्यावरचा घाट निराळा. आज या शहरांतून माझे बोलणे ऐकणाऱ्या मंडळींच्या घरी कदाचित असा एखादा घाट जुन्या तसबिरीत अजून टांगलेला असेल.

पगडीखालचा वेषही असाच मिश्र होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंगरखा आणि बाराबंदी मागे पडली व कोट पुढे आला. पण त्या कोटाने धोतराला हुसकावले नाही. कोटाचा बेत विलायती, धोतर नागपुरी, पगडी पुणेरी, जोडा लाल चामड्याचा आणि खांद्यावर उपरणे, असा चार घरांचा संसार एका अंगावर सुखाने नांदू लागला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांच्या छायाचित्रांतून आपण ज्याला अस्सल जुना मराठी वेष म्हणतो, तो असा त्या काळचा नवा मेळ होता. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. जुन्या वेषाचे हौशी लोक पुष्कळदा शुद्धतेचा आग्रह धरतात. धोतर तर मनगटावर घड्याळ नको, पगडी तर चष्मा नको, अशा अटी घालतात. आपल्या पूर्वजांनी असल्या अटी पाळल्या असत्या, तर त्यांनी कोट कधी घातलाच नसता.

मग हा वेष गेला कसा? त्यावर कोणी बंदी घातली नव्हती. कचेरीत पाटलोण आली. सायकल आली आणि धोतराचा सोगा तिच्या साखळीत अडकू लागला. आगगाडीच्या गर्दीत उपरणे सांभाळणे कठीण झाले. हळूहळू जुने कपडे खुंटीवरून पेटीत आणि पेटीतून घराबाहेर गेले. घराबाहेर गेले ते बहुधा बोहारणीच्या गाठोड्यातून. दुपारच्या शांत वेळी आळीत तिची हाक येई. जुने कपडे द्यायचे आणि त्या बदली भांडे घ्यायचे, असा तो व्यवहार. कित्येक आजोबांचे अल्पाकाचे कोट एखाद्या स्टीलच्या डब्याच्या मोबदल्यात गेले, आणि सौदा फायद्याचा झाला असेच घरात सर्वांना वाटले. ज्या शेल्यांत आणि फेट्यांत खरी जर होती, त्यांचे नशीब याहून वाईट. जुनी जर विकत घेणारे ती वजनावर घेत, वस्त्र जाळीत आणि आतली चांदी तेवढी काढून घेत. विणकराने महिनोन्महिने खपून जे केले होते, त्याची किंमत शेवटी धातूपुरती उरली. ज्यांनी दिले त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तंग संसारात डबा हा कोटापेक्षा उपयोगाचा होता. पण त्यामुळे आज शोध घेणाऱ्याला मूळ वस्तू दुर्मीळ झाली आहे, एवढे खरे.

म्हणून पहिला शोध बाजारात करू नये, घरात करावा. माळ्यावरच्या पेटीत कपडा सापडला नाही, तरी छायाचित्र बहुधा सापडते, आणि छायाचित्र हा या विद्येतला पहिला गुरू. ते नुसते पाहू नये, वाचावे. कोट गुडघ्याच्या किती वर आहे? गुंड्या किती? टोपी किती उंच, आणि ती सरळ ठेवली आहे की किंचित कलती? उपरणे एका खांद्यावर आहे की दोन्ही? धोतराचा सोगा कोठवर येतो? अशी पाच-सहा छायाचित्रे वाचली की आपल्या घराची, आपल्या गावाची म्हणून एक धाटणी हाती लागते. मात्र एक सावधगिरी ठेवावी. छायाचित्रकाराच्या दुकानात फोटोपुरता कोट मिळण्याची सोय असे. तेव्हा एकाच कोटात तीन भाऊ दिसले, तर त्यांच्या श्रीमंतीविषयी घाईने मत बनवू नये. ज्यांच्या घरी छायाचित्रेही उरली नाहीत, त्यांनी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. एका माणसाने आयुष्यभर दारोदार हिंडून जमविलेल्या नित्य वापरातल्या वस्तू तेथे आहेत. कै. केळकरांनी १९७५ साली तो संग्रह शासनाला देऊन टाकला. चित्रपट आणि दूरदर्शनवरच्या मालिका यांना मात्र गुरू करू नये. तेथे पेशवाईतला सरदार आणि टिळकांच्या काळातला वकील पुष्कळदा एकाच पेटीतले कपडे घालतात.

घरानंतर बाजार. मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीट आणि पुण्याचा रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार ही ठिकाणे सर्वांना ठाऊक आहेत. तेथे कपडे कमी मिळतात, लहानसहान वस्तू अधिक. पितळी गुंड्या, चष्म्याच्या गोल चौकटी, खिशातल्या घड्याळाच्या साखळ्या, वेताच्या काठ्या, लाकडी मुठीच्या छत्र्या असे पुष्कळ काही असते. उत्तरेत थंडीच्या दिवसांत रस्तोरस्ती जुन्या लोकरी कोटांचे ढीग लागतात. त्यांतले बहुतेक परदेशी गाठोड्यांतून आलेले असतात. परदेशातून आलेला वापरलेला लोकरी माल पानिपतला मोठ्या प्रमाणावर जातो आणि तेथे जुन्या लोकरीचे पुन्हा सूत काढतात. मराठी मनाला पानिपत हे नाव निराळ्या कारणाने परिचित आहे. तेथे कपड्यांचाही असा पुनर्जन्म होतो, ही गोष्ट मला दिल्लीच्या वास्तव्यात समजली.

जुना कोट हाती आला की तो आधी उलटा करावा. बाहेरचे कापड सर्वच कोटांचे चांगले दिसते, खरी परीक्षा आतून होते. काजी हाताने केलेली आहेत की यंत्राने? अस्तर काखेत जिरले आहे काय? नंतर कोट उन्हाकडे धरावा. कसर लागली असेल तर बारीक भोके चांदण्यांसारखी चमकतात. एखाददुसरे भोक रफू करता येते, पण आकाश चांदण्यांनी भरलेले असेल तर नमस्कार करून परत द्यावा. मग कोट घालून खांदे पाहावेत. खांदा बसला तर बाकी सर्व बसविता येते. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, गुंड्या बदलता येतात. खांदा मात्र नव्याने बसविणे म्हणजे कोट नव्याने शिवणे. हा नियम मला एका वृद्ध शिंप्याने सांगितला. इतक्या थोड्या शब्दांत इतका उपयुक्त नियम मी सरकारी परिपत्रकांत क्वचितच पाहिला आहे.

शेवटी शिवण उसवून आतली माया पाहावी. आपल्या शिंप्यांच्या भाषेत शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. कोणी हा शब्द या जागी योजला असेल, तो मोठा जाणता असला पाहिजे. जुन्या काळी कोट एकाच्या मापाने बेतला जाई, पण शिवताना पुढच्या दोघांचा विचार केलेला असे. घालणारा चार वर्षांनी अंगाने भरेल, दहा वर्षांनी कोट धाकट्या भावाकडे जाईल, वीस वर्षांनी मुलाकडे. म्हणून बगलेत, पाठीच्या शिवणीत, बाहीच्या टोकाला दोन-दोन बोटे कापड आत दुमडलेले. माझ्या आजोबांचा काळा लोकरी बंद गळ्याचा कोट मी आज वापरतो. ते सडसडीत होते, आणि मी सरकारी खुर्चीच्या कृपेने तसा राहिलेलो नाही. दोन्ही बगलांची माया सोडविली आणि कोट माझा झाला. सत्तर वर्षांपूर्वी कात्री चालविणाऱ्या त्या शिंप्याने मला पाहिले नव्हते, पण माझ्यासाठी जागा ठेवली होती. हल्लीच्या पुष्कळशा तयार कपड्यांत शिवण कापडाच्या काठाशी येऊन थांबते. त्यांत माया नसते, आणि म्हणून पुढचा माणूसही नसतो.

मूळ जुनी वस्तू मिळाली नाही, तर जुन्या रीतीने आजही बनणारी वस्तू घ्यावी. ही दुसरी वाट मला अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यावर जिवंत माणसांची पोटे अवलंबून आहेत. कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घेऊ. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, लोखंडी खिळा एकही नाही. कापशीच्या चपलेचे नाव जाणकार अजून आदराने घेतात. २०१९ साली या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचा आहे. भाषेची सीमा चपलेने केव्हाच ओलांडली होती, कायद्याने ते नंतर मान्य केले. पुढे २०२५ च्या जून महिन्यात मिलान येथील पुरुषवेषांच्या एका सोहळ्यात एका नामांकित इटालियन पेढीने हुबेहूब अशाच चपला मांडल्या, पण त्यांच्या उगमाचा उल्लेख केला नाही. आपल्याकडे ओरड झाली, तेव्हा त्या पेढीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. आपला संताप रास्त होता. पण संतापणाऱ्यांपैकी किती जणांच्या पायांत त्या दिवशी कारागिराने हाताने शिवलेली चप्पल होती, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. तिला तेल द्यावे, रोज थोडा वेळ घालावी आणि पावसापासून जपावी. मग ती आपल्या पायाचा ठसा घेते, आणि दुसऱ्याच्या उपयोगाची राहत नाही.

धोतराची गोष्ट अशीच. नागपूर आणि उमरेड येथली रेशीमकाठी धोतरे एके काळी नावाजलेली होती. ती पेठेत आज सहजासहजी मिळत नाहीत, परंतु हातमागाचे चांगले सुती धोतर खादीच्या दुकानांत मिळते. हल्ली नाडी घातलेले, शिवून तयार केलेले धोतरही विकत मिळते. त्याला माझा विरोध नाही. फक्त त्याला धोतराच्या आकाराचा पायजमा म्हणावे. धोतराचे सारे सौंदर्य ते न शिवलेले असण्यात आहे. निऱ्या किती घ्याव्यात, कासोटा किती घट्ट खोचावा, सोगा किती सोडावा, हे नेसणाऱ्याने रोज नव्याने ठरवायचे असते. ही विद्या पुस्तकातून येत नाही. घरात अथवा ओळखीत कोणी वृद्ध असतील, तर त्यांच्याकडून ती एका सकाळी शिकून घ्यावी. शिकवणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. पगडीचेही तसेच. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. नाशिकात सराफ बाजाराजवळच्या एका गल्लीने तर पगडबंद लेन या आपल्या नावात एक अख्खा व्यवसाय जपून ठेवला आहे. तथापि कारागीर नुसत्या मानपत्रावर आणि गल्लीच्या नावावर जगत नाही. गिऱ्हाईक आले तर तो जगतो.

मनगटावरच्या घड्याळाविषयी थोडे सांगतो, कारण तरुणांचा ओढा तिकडे फार आहे. १९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. नोकरी लागली की एच.एम.टी., लग्नात जावयाला एच.एम.टी., असा पुढे दोन-तीन दशके शिरस्ताच पडला. तिची जनता, पायलट, सोना ही घड्याळे भारतभर घरोघर पोचली. २०१६ साली हा घड्याळांचा व्यवसाय बंद झाला आणि मग लोक ती शोधू लागले. शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. बाजारात ज्यांची तबकडी कोरी करकरीत, रंगीबेरंगी दिसते, त्यांपैकी पुष्कळांची तबकडी नव्याने रंगविलेली असते आणि आतले भाग चार घड्याळांचे असतात. किंचित पिवळी पडलेली मूळ तबकडी नव्या रंगाहून अधिक मोलाची. अशा घड्याळाला रोज ठरावीक वेळी किल्ली द्यावी लागते. ती कटकट वाटत असेल त्याने ते घेऊ नये. दिवसातून एकदा आपल्या हाताने वेळ चालू ठेवावी लागते, यातच त्याची गोडी आहे.

आता घालण्याविषयी. माझा पहिला नियम, एका वेळी एकच जुनी वस्तू. साध्या सदऱ्यावर जुन्या घाटाचे जाकीट, नेहमीच्या पाटलोणीखाली कोल्हापुरी चप्पल किंवा बंद गळ्याच्या कोटासोबत जुने घड्याळ, एवढे पुरे. सगळे एकदम अंगावर चढविले की माणूस दिसेनासा होतो आणि नुसता पोशाख चालत आल्यासारखा वाटतो. दुसरा नियम, कपडा आपल्या मापाचा असावा. जुन्याची आवड ही ढगळ कपड्याची सबब होऊ शकत नाही. तिसरा, हवामान ओळखावे. लोकरीचा लांब कोट दिल्ली-भोपाळच्या पौषात शोभतो. मुंबईच्या वैशाखात तो निष्ठेचा पुरावा ठरेल, शहाणपणाचा नव्हे. तेथे मलमलीचा सदरा आणि सुती उपरणे हीच जुनी आणि शहाणी रीत. चौथा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुनी वस्तू सणापुरती राखून ठेवू नये, कामाच्या दिवशी वापरावी. बंद गळ्याचा कोट सरकारी समारंभात आजही औपचारिक पोशाख मानला जातो. तो साध्या बैठकीलाही घालता येतो. पहिल्या दिवशी सहकारी विचारतात, आज काय विशेष? दहाव्या दिवशी विचारीत नाहीत. त्या दहाव्या दिवशी त्याचा वेष झाला असे समजावे. आणि उन्हाळ्यात तो पेटीत ठेवताना झटकून, ऊन दाखवून, वेखंडाचे तुकडे अथवा कडुलिंबाचा वाळला पाला घालून ठेवावा. पाण्याने धुण्याचा उत्साह लोकरीच्या आणि जरीच्या वस्त्रांवर दाखवू नये.

श्रोतेहो, येथवर सर्व सोपे होते. आता एक अवघड गोष्ट. जुना वेष केवळ सुंदर नव्हता, तो चढउतारीचाही होता. डोक्यावरच्या पगडीवरून, पागोट्यावरून, मुंडाशावरून माणसाची जात आणि पायरी ओळखली जाई. काहींना चांगले वस्त्र अंगावर घेण्याचीच मुभा नव्हती. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. त्यास महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले. समोर बसलेली जरतारी मंडळी म्हणजे हा देश नव्हे, हे त्यांना सांगावयाचे होते, आणि भाषणाआधी ते त्यांच्या वेषाने सांगून टाकले. १९२१ साली मदुराई येथे गांधीजींनी पंचा स्वीकारला. त्याच शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नीटनेटक्या सुटाबुटात वावरले. वरवर पाहता हे दोन वेष परस्परविरुद्ध वाटतात. पण एकाने पूर्ण पोशाख उतरविला तो ज्यांना तो परवडत नव्हता त्यांच्यासाठी, आणि दुसऱ्याने तो चढविला तो ज्यांना तो घालू दिला जात नव्हता त्यांच्यासाठी. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील कपडे जपून ठेवले आहेत. जुना मराठी वेष पाहायला निघालेल्याने पगडी पाहावी, तसे तेही पाहावेत. तोही आपलाच जुना वेष आहे. त्याच न्यायाने वारकऱ्याची पांढरी टोपी, धनगराचे घोंगडे आणि शेतकऱ्याचे मुंडासे हाही आपला जुना वेष आहे.

२०१८ साली पुण्यात पुणेरी पगडी की फुले पगडी, असा वाद रंगला. कोणी त्याला राजकारण म्हटले, कोणी हसण्यावारी नेले. मला त्यातून एवढेच दिसले की या वस्त्रांतला अर्थ अजून विझलेला नाही. म्हणून ती परत अंगावर घेताना निवड आपल्याला करायची आहे. कारागिराचा हात घ्यावा, पायरी घेऊ नये. टाका घ्यावा, टेंभा घेऊ नये. ज्या पगडीवरून शेजाऱ्याला आपली जात कळावी अशी इच्छा असेल, ती पगडी संग्रहालयातच शोभेल. आणि ज्या फेट्याचे टोक आपण शेजाऱ्याच्या मुलाच्या डोक्यालाही तितक्याच आनंदाने बांधू, तो फेटा खुशाल बांधावा.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी बांधवांना एक विनंती करून थांबतो. आपल्या घरात वडिलांचा, आजोबांचा एखादा कोट, टोपी, उपरणे, काठी उरली असेल तर ती टाकण्यापूर्वी घरातल्या वृद्धांना तिच्याविषयी विचारा. कोणी वापरली, कोठे शिवली, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी घातली, हे एका चिठ्ठीवर लिहून ती त्या कोटाच्या खिशात ठेवा. कपडा आपण होऊन काही सांगत नाही, आणि सांगणारी माणसे फार दिवस राहत नाहीत. ती वस्तू तुमच्या अंगाला येत असेल तर दुरुस्त करून वापरा, येत नसेल तर ज्याला येईल त्याला द्या. आणि नवा कपडा शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला आवर्जून सांगा, दोन बोटे माया राखा. पुढे तो कपडा कोण घालणार आहे हे आपल्याला ठाऊक नाही, पण त्याच्यासाठी जागा ठेवणे आपल्या हाती आहे.